सूनबाईचा अभ्यास आणि माझी उजळणी

सेवानिवृत्त मास्तरास घरात फारसे काम उरत नाही. सकाळी स्नानसंध्या, मग वर्तमानपत्र, दुपारी वामकुक्षी, सायंकाळी देवळापर्यंत एक फेरी, आणि मधल्या वेळात नातवाच्या शुद्धलेखनातील चुका काढणे, एवढाच काय तो उद्योग. मी २०१७ साली सेवेतून मोकळा झालो तेव्हापासून याच क्रमाने दिवस घालवीत होतो. खोटे कशाला सांगू, छत्तीस वर्षे मुलांना शिकविले, आता शिकविण्याविषयी आपणास नवे कळावयाचे असे काही राहिले नाही, अशी एक सुखाची समजूतही मनात घर करून बसली होती. ती समजूत मोडण्याचे श्रेय आमच्या सूनबाईला आहे.

आमचे गाव जवळा बाजार. औंढा नागनाथ तालुका, जिल्हा हिंगोली. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आम्ही परभणीचे म्हणवीत असू. नावाप्रमाणेच गावात बाजार मोठा. हळद, सोयाबीन, तूर, कापूस यांच्या हंगामात रस्त्यावर गाड्यांची रीघ लागते. भावाची चौकशी येथे घरोघर चालते, पुस्तकाची चौकशी क्वचित. अशा गावी, एकत्र कुटुंबातील आणि सात वर्षांच्या मुलाची आई असलेल्या सुनेने एम. एड. व्हावयाचे मनात आणले, तेव्हा घरात थोडी खळबळ उडाली, यात नवल नाही. ती बी. एड. होऊनच आमच्या घरी आली होती. आमच्या वडील भगिनी, ज्यांना सारे घर अक्का म्हणते, त्यांनी सुपातील तांदळावरची नजर न काढता विचारले, "शिकवायला तर शिकलीच आहे. आता शिकवणाऱ्यांना शिकवायला शिकणार की काय?"

अक्कांनी थट्टेने केलेली ही व्याख्या वस्तुतः अगदी बिनचूक होती. शिक्षकांचे शिक्षक तयार करणे हाच या पदवीचा एक मुख्य हेतू. आपल्या देशात ही पदवी मुंबई विद्यापीठाने १९३६ साली प्रथम सुरू केली. पुष्कळ वर्षे तो एका वर्षाचा अभ्यास असे. २०१५ पासून तो दोन वर्षांचा आणि चार सत्रांचा झाला. शिक्षणाचे तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, अभ्यासक्रमाची रचना, मूल्यमापन, संशोधनाच्या पद्धती असे विषय. त्यांतील प्रत्येकाचे स्वाध्याय. अध्यापक विद्यालयात जाऊन करावयाचे प्रत्यक्ष काम. आणि या सर्वांवर कळस म्हणून एक लघुप्रबंध. महाविद्यालय नांदेडास. तेव्हा असे ठरले की, आठवड्याचे दिवस सूनबाईने नांदेडास माहेरी राहावे, शनिवारी सायंकाळच्या एस.टी.ने घरी यावे. नातवाकडे आमच्या सौभाग्यवतीने पाहावे. आणि तिच्या स्वाध्यायांतील मराठी मी तपासावे. घरात सर्वांत हलके काम माझ्याच वाट्यास आले, असे तेव्हा वाटले होते.

व्याकरणाच्या जुन्या खोडीने मी पहिल्याच वहीवर अडलो. शिक्ष् हा धातू मुळात विद्या मिळविणे या अर्थाचा. 'शिक्षते' म्हणजे शिकतो; शिकवितो असे म्हणावयाचे तर प्रयोजक रूप करून 'शिक्षयति' म्हणावे लागते. अर्थात 'शिक्षक' या शब्दाच्या पोटी शिकणारा आणि शिकविणारा असे दोन्ही अर्थ सुखाने नांदतात. हे मी सूनबाईला मोठ्या ऐटीने समजावून दिले. तिने ते वहीत टिपून घेतले आणि विचारले, "मामंजी, मग मराठीत शिक्षा म्हणजे मार, दंड, असं कसं झालं?" मी म्हटले, "शब्दांचे अर्थ कालांतराने पालटतात, बाळ." उत्तर चुकीचे नव्हते, पण ते किती अपुरे होते, हे मला पुढे वर्षभराने कळले.

हळूहळू मला त्या वह्यांची गोडी लागली. शनिवारची एस.टी. कधी येते याची नातवाइतकीच मीही वाट पाहू लागलो. मानसशास्त्राच्या वहीत दोन नावे वारंवार येत. एक स्वित्झर्लंडचा पियाजे, दुसरा रशियाचा वायगॉट्स्की. दोघेही १८९६ साली जन्मलेले. पियाजे १९८० पर्यंत जगला, वायगॉट्स्की मात्र १९३४ साली वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी क्षयाने गेला. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, त्याच्या विचाराची तऱ्हाच वेगळी असते आणि ती टप्प्याटप्प्याने पालटते, हे पियाजेचे सांगणे. मुलाला एकट्याने काय जमते आणि कोणी हात धरला तर काय जमते, या दोहोंमधील जे अंतर, तेच शिक्षकाचे खरे शेत, हे वायगॉट्स्कीचे. या हात धरण्याला पुढे ब्रूनर व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली परांचीची उपमा दिली. भिंत चढेपर्यंत परांची हवी. भिंत उभी राहिली की ती काढून घ्यावी.

हे वाचून मी सौभाग्यवतीला म्हटले, "यात नवे ते काय? मुंज झालेल्या बटूला आपण संध्या कशी शिकवितो? पहिल्याने गुरू आधी म्हणतो आणि बटू मागून. मग दोघे बरोबर म्हणतात. मग गुरू नुसते ओठ हलवितो. शेवटी तो नुसता ऐकतो." सूनबाईने हे उदाहरण आपल्या स्वाध्यायात घातले आणि ते तिच्या अध्यापिकांना आवडले, असे ती सांगत आली. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि घरच्या संस्कृतावर वाढलेल्या माणसाचे उदाहरण पदव्युत्तर वर्गात वाचले गेले होते.

मूल्यमापनाच्या विषयात तर मी जवळजवळ मालकीच सांगितली. आमच्या महाराष्ट्रात २०१० सालापासून प्राथमिक शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्याचे दोन भाग. सत्राच्या शेवटी जे मोजावयाचे ते संकलित. आणि शिकविता शिकविता, मुलाला घडविण्यासाठी जे पाहावयाचे ते आकारिक. सेवेत असताना या दोन शब्दांखाली मी कितीतरी तक्ते भरले, परंतु 'आकारिक' या शब्दात आकार आहे आणि आकार देणारा कुंभार आहे, हे माझ्या ध्यानी आले नव्हते. गोरोबाकाकांची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. तेरेस संतांचा मेळा जमला असता त्यांनी थापटणे घेऊन एकेकाच्या मस्तकावर मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले. पण कथा तेथे संपत नाही. कच्चे ठरलेले नामदेव आमच्या औंढ्यास विसोबा खेचरांकडे आले. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांनी त्यांना रागे न भरता, जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव, एवढेच सांगितले. आणि नामदेव पक्के झाले. निकाल लावणारे जगात पुष्कळ. कच्च्याला पुढची वाट दाखविणारा विसोबा विरळा. नामदेवांची नर्सी आमच्याच जिल्ह्यात, विसोबांचे औंढे आमच्याच तालुक्यात; आणि मी आयुष्यभर मुलांच्या डोक्यावर थापटणेच तेवढे मारीत आलो. हे वाक्य तेव्हा मी विनोदाने बोललो होतो.

इतिहासाच्या वहीने मात्र माझ्या उत्साहाला पहिली ठेच दिली. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षणाकडे सरकारने आधी पाहावे, ही त्यातील मागणी मला माहीत होती. परंतु त्याच निवेदनात त्यांनी असेही म्हटले होते की, प्राथमिक शाळांतील शिक्षक बहुतेक ब्राह्मण असतात. त्यांच्याऐवजी शक्यतो शेतकरी वर्गातील शिक्षक नेमावे, कारण ते मुलांत मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा अधिक चांगल्या जाणतील. हे वाचून मला प्रथम राग आला. मी मनाशी म्हटले, मी कोणत्या मुलात भेद केला? माझ्या वर्गात सर्व जातींची मुले एकाच सतरंजीवर बसली. मी कोणाची फी भरली, कोणाला पाटी घेऊन दिली, परीक्षेच्या दिवसांत कोणाला घरी जेवूही घातले. रागाच्या भरात त्या पानावरच्या ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका माझ्याकडून तशाच राहिल्या.

येथे आमच्या घराण्यातील एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. तिच्यावाचून पुढचे समजणार नाही. माझे वडील निजामाच्या राजवटीत शिकले. हैदराबाद संस्थानात वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू असे. १९१८ साली सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूतूनच शिकवी. घरात मराठी, देवघरात संस्कृत आणि शाळेत उर्दू, अशा तीन दारांतून त्या पोराला रोज ये-जा करावी लागे. उर्दूतील एक क कंठाच्या अगदी तळातून काढावा लागतो; तो वडिलांना काही केल्या साधेना. मास्तर त्यांना उभे करून तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणावयास लावीत आणि वर्ग हसे. छड्यांचे वळ चार दिवसांनी गेले. ते हसणे वडिलांच्या मनातून सत्तराव्या वर्षीही गेले नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, तो दिवस म्हणजे आपली जीभ आपणास परत मिळाली तो दिवस, असे ते म्हणत. मी शिक्षक झालो तेव्हा त्यांना धन्यता वाटली. आता पोरे आपल्या भाषेत शिकतील, असे ते म्हणाले होते.

अखेरच्या वर्षी लघुप्रबंधाचा विषय आला. आमच्या भागात बंजारा समाजाचे तांडे पुष्कळ आहेत. त्यांची गोरबोली राजस्थानीशी नाते सांगणारी. तिला स्वतःची लिपी नाही, पण देवनागरीत ती सुखाने लिहिता येते. तांड्यावरचे मूल सहाव्या वर्षी पहिलीत येते, तेव्हा शाळेची मराठी त्याला कितपत कळते, हा सूनबाईचा विषय. ती सुटीच्या दिवशी तांड्यांवर जाई, आयाबायांशी बोले, मुलांचे शब्द टिपून घेई. तिने एक प्रश्नावली तयार केली आणि या भागात सेवा केलेल्या जुन्या शिक्षकांकडून ती भरून घेतली. त्यांत अर्थातच मीही होतो. सातवा प्रश्न असा होता: तांड्यावरील मुलांच्या बोलीमुळे अध्यापनात आपणास काही अडचण आली काय? आली असल्यास आपण काय केले? मी वळणदार अक्षरात लिहिले, "विशेष अडचण आली नाही. मुले हळूहळू शुद्ध भाषा शिकत."

पुढे मार्गशीर्षातील एका रात्री तिसऱ्या प्रकरणाची प्रत माझ्यापुढे आली. घर निजले होते. शेवटी शब्दांची एक यादी जोडली होती. एका बाजूस गोरबोली, दुसऱ्या बाजूस मराठी. याडी, म्हणजे आई. बाटी, म्हणजे भाकरी. छोरी, म्हणजे मुलगी. मी एकेका शब्दापुढे बारीक खूण करीत चाललो होतो. पुढची ओळ होती: मारो, म्हणजे माझे. त्याखाली: तारो, म्हणजे तुझे. माझा हात तेथे थांबला.

१९८४ सालचा जून महिना. मी पंचवीस वर्षांचा, सेवेत येऊन तीन वर्षे झालेली, वर्गावर वचक बसला की नाही या चिंतेत असलेला. पहिलीचा वर्ग नुकताच भरला होता. तांड्यावरचा एक मुलगा, डोक्याला तेल चोपडलेले, हातात नवी पाटी, भिंतीला टेकून बसला होता. मी विचारले, "नाव काय रे तुझे?" तो झटकन उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "मारो नाम..."

पुढचे त्याला बोलताच आले नाही. आमच्या भागात हिंदी-उर्दू सर्वांच्या कानांवर असते. 'मारो' म्हटले की त्याचा अर्थ पोरेही एकच घेतात. सारा वर्ग खदखदून हसला. मागून कोणी तरी ओरडले, "गुरुजी, मारा म्हणतोय!" मला वाटले, पोरगा पहिल्याच दिवशी टवाळी करतो आहे. मी पट्टी उचलली. "मारो म्हणतोस? हे घे," असे म्हणून त्याच्या हातावर दोन पट्ट्या ओढल्या. वर्ग पुन्हा हसला; आणि आपण प्रसंगास साजेसे काही बोललो, असे वाटून मलाही थोडे समाधान झाले.

त्या वर्षी तो मुलगा वर्गात पुन्हा स्वतःहून बोलला नाही. पाटीवर लिहीत असे, विचारले तर मान हलवीत असे. वर्षाच्या शेवटी त्याच्या नावापुढे मी शेरा लिहिला: "मंद. मुखदुर्बळ." तिसरीत असताना दिवाळीनंतर आईबापांबरोबर तो ऊसतोडीस गेला आणि शाळेत परतला नाही. पटावरून त्याचे नाव कमी झाले. माझ्या मनावरूनही झाले. पुढे बाजारात गोरबोलीतला तो 'मारो' मी शेकडो वेळा ऐकला असेन. परंतु त्या दिवसाशी त्याची गाठ एकदाही घातली नाही.

त्याने तोंड उघडले होते ते आपले नाव सांगण्यासाठी. गुरुजींनी विचारले म्हणून, आईने शिकविलेल्या भाषेत, उभे राहून, स्पष्ट आवाजात. विद्यार्थ्याकडून याहून अधिक काय अपेक्षावयाचे? आणि मी त्याला मंद ठरविले.

सहा वेदांगांपैकी एकाचे नावच शिक्षा. उच्चारांचे ते शास्त्र. मंत्राचा स्वर चुकला म्हणून त्वष्ट्याचा यज्ञ उलटला आणि वृत्र मारला गेला, ही कथा मी लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून ऐकलेली. बोलणाऱ्याचा उच्चार चुकला तर अनर्थ होतो, हे मला तोंडपाठ होते. ऐकणाऱ्याचे ऐकणे चुकले तर काय होते, हे मात्र मी कधी मनात आणले नव्हते. मराठीत शिक्षा म्हणजे मार कसा झाला, या सूनबाईच्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर त्या रात्री मला मिळाले. माझ्यासारख्यांनीच तो तसा केला. आणि ज्या मास्तरांचे नाव काढताच माझे वडील म्हातारपणीही ताठ होत, त्यांच्यात आणि माझ्यात अंतर ते किती उरले? त्यांनी एका क साठी वर्ग हसविला. मी एका सर्वनामासाठी.

मनुष्य अशा वेळी पळवाटा शोधतो; मीही शोधल्या. त्या काळी सारेच मारीत. कायदा कोठे होता? वह्या जवळच होत्या; त्या चाळल्या. बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला. शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास यांस त्याच्या सतराव्या कलमाने बंदी केली, आणि शक्य तेथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असे एकोणतिसाव्या कलमात सांगितले. हे सारे माझ्या त्या दोन पट्ट्यांनंतर पंचवीस वर्षांनी आले, हे खरे. परंतु भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे सांगणारे ३५० क हे कलम राज्यघटनेत १९५६ सालीच घातले गेले आहे. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आणि कायदा राहू द्या. आपल्याच महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर दोघींनी वारली मुलांसाठी शाळा चालविली. मुले शाळेत येत नाहीत तर त्यांच्या गुरांमागे कुरणातच शाळा न्यावी, हा त्यांचा मार्ग. तिचे नाव कुरणशाळा. शिंपले, खडे, बिया ही त्यांची साधने.

हे मला माहीत नव्हते असे नाही, आणि येथेच लाजेने मान खाली घालावी लागते. अध्यापक विद्यालयात ताराबाईंच्या कार्यावर मी परीक्षेत टीप लिहिली होती. पाचांपैकी चार गुण मिळाले होते. टीप उत्तरपत्रिकेत राहिली. माझ्याबरोबर वर्गात आली नाही. अभ्यास पुरा होणे आणि अभ्यास अंगी लागणे या दोन गोष्टी किती भिन्न आहेत! माझा पहिला १९८१ सालीच झाला होता. दुसऱ्यास, दुसऱ्याच कोणाच्या वहीतून, चाळीस वर्षांनी आरंभ झाला.

जोतीरावांच्या निवेदनाचे पान मी पुन्हा काढून वाचले. या वेळी राग आला नाही. सतरंजी एक होती, पाटी घेऊन दिली होती, हे सारे खरे; परंतु त्या मुलाचे 'माझे' मला कळले नव्हते, हेही तितकेच खरे. पूर्वी राहून गेलेल्या त्या दोन चुका मी तेव्हा दुरुस्त केल्या.

सकाळी सूनबाई चहा घेऊन आली तेव्हा मी म्हटले, "माझी प्रश्नावली परत दे. सातव्या प्रश्नाचे उत्तर खोटे आहे." मग तिला सारे सांगितले. सुनेपुढे सासऱ्याने असे बोलण्याची रीत आमच्या घरात नाही. आवाज थोडा कापला असेल. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "मामंजी, आलेलं उत्तर मला फाडता येत नाही, संशोधनाचा तसा नियम आहे. तुम्ही दुसरं लिहून द्या, मी दोन्ही जोडते. नाव कोणाचंच येत नाही, तुमचंही येणार नाही." मी म्हटले, "नाव आले तरी माझी हरकत नाही." ती म्हणाली, "तुमची नसेल; पण त्या मुलाची असू शकेल." मला त्याचा विचारही सुचला नव्हता. या वेळी शिकविणारी कोण आणि शिकणारा कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

तो मुलगा आता सत्तेचाळिशीच्या घरातील गृहस्थ आहे, हंगामात आमच्या बाजारात हळदीची पोती उचलावयास येतो, असा पत्ता लागला. संक्रांतीनंतर एके दिवशी मी त्याला गाठले. त्याने मला ओळखले, खांद्यावरचे पोते उतरवून नमस्कार केला. मी तो दिवस सांगितला. मला तुझी भाषा कळली नाही, दोष माझा होता, असे म्हटले. त्याला आठवत नसेल, अशी एक लबाड आशा मनात होती. ती त्याने ठेवली नाही.

"मारल्याचं काई नाई गुरुजी," तो म्हणाला, "तवा समदेच मारायचे. पोरं हासली, ते ध्यानात राहिलं."

माझ्या वडिलांचेच शब्द, दुसऱ्या बोलीत. मी गप्प राहिलो. क्षमा केली असे तो म्हणाला नाही आणि मीही मागून घेतली नाही. काही गोष्टी मागून मिळत नाहीत. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "माझी नात औंदा पहिलीत हाये. तिच्या बाईला तेवढं सांगा." आणि पोते पुन्हा खांद्यावर घेतले.

ते काम मी केले. सूनबाईची ती शब्दांची यादी मोठ्या अक्षरात उतरवून काढली आणि शाळेत जाऊन बाईंच्या हाती दिली. बाई समंजस निघाल्या. त्यांनी ती वर्गाच्या भिंतीवर लावली. एका यादीने फार काही होते असे मी म्हणत नाही. परंतु त्या वर्गात कोणी 'मारो नाम' म्हणून उभे राहिले तर बाईंना त्याचा अर्थ कळेल. आणि बाई हसल्या नाहीत तर मुलेही हसणार नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात सूनबाईची पदवी पुरी झाली. अक्कांनी स्वतः पुरणाचा घाट घातला. दोन वर्षांत घराची थोडी गैरसोय झाली. सौभाग्यवतीचे गुडघे अधिक दुखू लागले, नातू आईवाचून कधी रडला, चिरंजीवांना स्वतःचा डबा स्वतः भरावा लागला. पण हिशेब मांडावयास बसलो तर सर्वांत मोठी प्राप्ती घरातील सर्वांत निरुद्योगी माणसाची झालेली दिसते. वाचकहो, आपल्या घरी एखाद्या लेकीसुनेने पुढे शिकण्याची गोष्ट काढली तर स्वयंपाकाचे कसे होईल याची चिंता अवश्य करावी, ती खरीच असते. परंतु तिच्या वह्या मात्र घरातील वडीलधाऱ्यांनी वाचाव्यात. तिला गुण किती मिळाले हे विद्यापीठ सांगेलच. आपणास किती कमी पडले, हे त्या वह्या सांगतात.

नातवाच्या शुद्धलेखनातील चुका मी अजूनही काढतो. फक्त आता लाल पेन्सिल टेकविण्यापूर्वी त्याला आधी विचारतो, "बाळ, तुला काय म्हणायचे होते?"